एक जनुक, दोन प्रती: उत्क्रांतीत नवे जनुक येते कोठून?

मांजराकाठ, लातूर

लातुरात मी अकरावी-बारावीच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवतो. नीटच्या तयारीचा रेटा असा असतो, की उत्क्रांतीचे प्रकरण झटपट उरकले जाते आणि मुलांच्या हाती 'उत्परिवर्तन' आणि 'नैसर्गिक निवड' एवढे दोनच शब्द उरतात. या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न त्या दोन शब्दांत मावणारा नव्हता. तिचे म्हणणे असे, की प्रत्येक जनुकाला काही ना काही काम नेमलेले असते. ते जनुक बदलले तर आधी ते काम बिघडेल. ज्याचे काम बिघडले तो जीव मागे पडेल किंवा मरेल. मग नवे काम करणारे जनुक मुळात तयार होणार तरी कसे? या प्रश्नाचे आनुवंशिकीने दिलेले उत्तर मला फार समाधान देणारे वाटते. त्यावर मराठीत सविस्तर चर्चा झालेली माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

उत्तराचा गाभा असा, की आधी जनुकाची दुसरी प्रत तयार होते आणि मग बदल साचतात. घरात कमावता एकच असेल तर त्याला हातचे काम सोडून नवा धंदा करून पाहता येत नाही. दुसरा कमावता झाला की एकाला ती मोकळीक मिळते. जनुकांचेही तसेच आहे.

दुसरी प्रत तयार कशी होते, हे पहिल्यांदा फळमाशीत कळले. 'बार' नावाच्या प्रकारात माशीचा गोल डोळा अरुंद पट्टीसारखा होतो. १९२५ मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी दाखवले, की जोडीतील दोन गुणसूत्रे तुकड्यांची अदलाबदल करताना कधी कधी तंतोतंत समोरासमोर येत नाहीत. मग एका गुणसूत्राकडे जादा भाग जातो आणि दुसऱ्याचा तेवढा भाग गळतो. १९३६ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी आणि स्वतंत्रपणे हर्मन मुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या लाळग्रंथीतील जाड गुणसूत्रांवरचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा 'बार' माशीत गुणसूत्राचा एक तुकडा लागोपाठ दोनदा आलेला स्पष्ट दिसला. अशा जादा प्रतीत बदल झाले तरी जिवाचे नुकसान होणार नाही, कारण मूळ प्रत शाबूत असते, हा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३२ मध्येच मांडला होता. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव याहून ठळक असायला हवे होते.

या सुट्या विचारांना सिद्धान्ताचे रूप दिले ते सुसुमु ओह्नो यांनी, १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इव्होल्यूशन बाय जीन डुप्लिकेशन' या ग्रंथात. निवड ही मुळात राखणदार आहे, ती जुने काम जपते, आणि खरोखर नवे काही घडायचे तर निवडीच्या नजरेतून सुटलेली जादा प्रत हवी, असा त्यांचा आग्रह होता. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत तर संपूर्ण जनुकसंचच दुप्पट झाला असावा, हेही त्यांनी तेव्हाच सुचवले. शरीराचा पुढचा-मागचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा त्या कुळाच्या जवळच्या ॲम्फिऑक्सस या लहान समुद्री प्राण्यात एकच गट आहे आणि माणसात असे चार गट, मिळून ३९ जनुके, चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. दोनदा दुप्पट झाल्याची यापेक्षा बोलकी खूण दाखवता येणार नाही.

तरीही दुसरी प्रत तयार झाली म्हणजे नवे जनुक मिळाले, असे मुळीच नाही, आणि मुलांना शिकवताना मी यावर सर्वांत जास्त वेळ देतो. बहुतेक प्रती वाया जातात. मायकेल लिंच आणि जॉन कॉनरी यांनी २००० मध्ये अनेक जिवांच्या जनुकसंचांवरून अंदाज बांधला, की एखाद्या जनुकाची प्रत तयार होण्याची शक्यता दर दहा लाख वर्षांमागे साधारण एक टक्का असते, आणि तयार झालेल्या प्रतींपैकी बहुसंख्य काही दशलक्ष वर्षांत निकामी होतात. माणसाच्या नाकातील गंधग्राहकांची सुमारे ४०० जनुके चालू आहेत आणि जवळजवळ तेवढीच मेलेल्या अवस्थेत जनुकसंचात पडून आहेत.

टिकणाऱ्या प्रतींपैकी काहींना नवे काम मिळते, पण अनेकदा जुनेच काम दोघींत वाटले जाते. यीस्टचे उदाहरण मला विशेष आवडते. नेहमीच्या यीस्टमध्ये गॅलॅक्टोज या साखरेसाठी दोन जवळची जनुके आहेत. एकाचे प्रथिन ती साखर वापरण्याचे पहिले पाऊल उचलते. दुसऱ्याचे प्रथिन साखर आल्याची वर्दी देते, म्हणजे संबंधित जनुके चालू होतात. यीस्टच्या एका दूरच्या भाईबंदाच्या पूर्वजांत हे दुपटीकरण झाले नाही, आणि तेथे दोन्ही कामे एकटे एकच जनुक करते. क्रिस हिटिंगर आणि शॉन कॅरोल यांनी २००७ मध्ये दाखवले, की एकाच जनुकात ही दोन कामे एकमेकांच्या आड येत होती. साखर वापरणारे प्रथिन हवे तेव्हा भरपूर आणि एरवी अजिबात नको. वर्दी देणारे मात्र थोडे का होईना, सतत हवे. प्रती दोन झाल्यावर दोघींनाही आपापल्या गरजेप्रमाणे बदलता आले. म्हणजे जुन्या जनुकातच नव्या कामाचे बीज होते आणि ओह्नो यांच्या मांडणीत याला पुरेशी जागा नव्हती, असे माझे मत आहे.

शेती आणि वैद्यक या क्षेत्रांतील जाणकारांनी आपल्याकडची उदाहरणे द्यावीत, ही विनंती.

सरकी, नांदेड

सर, विषय छेडल्याबद्दल मनापासून आभार. मी कापसाच्या पैदाशीत काम केले आहे आणि आपल्या काळ्या रानात उभा असलेला कापूस हेच या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे, असे मला वाटते.

आपल्याकडचा जुना गावरानी कापूस, ज्यावर नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने पूर्वापार काम केले, तो गॉसिपियम आर्बोरियम या प्रजातीचा. त्याच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. आज शेतकरी जो बीटी कापूस लावतो तो अमेरिकन, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम. नांदेडचाच 'एनएचएच ४४' हा एके काळी घराघरांत पोहोचलेला संकरित वाणही याच प्रजातीचा. त्याच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात. ही दुप्पट साधी नाही. ५२ पैकी २६ गुणसूत्रे आशिया-आफ्रिकेकडच्या कापसाशी जुळतात, तर उरलेली २६ गुणसूत्रे अमेरिका खंडातील रानटी कापसाशी. ए. स्कोव्हस्टेड यांनी १९३४ मध्ये गुणसूत्रांची जुळणी पाहून हे ओळखले. पुढे १९४० च्या सुमारास टेक्सासमध्ये जे. ओ. बीस्ली यांनी आर्बोरियम आणि अमेरिकेतील रानटी थर्बेरी यांचा संकर केला, तो वांझ संकर कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट केला, आणि तयार झालेले झाड अमेरिकन कापसाशी जुळते हे प्रत्यक्ष दाखवले. निसर्गात ही गाठ साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी पडली, असे मानले जाते.

या कथेतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग धाग्याचा आहे. सूत काढता येईल असा लांब धागा केवळ आशिया-आफ्रिकेकडच्या पूर्वजाला होता. अमेरिकेकडच्या रानटी पूर्वजाच्या सरकीवर आखूड लव असते, ती कातता येत नाही. तेव्हा अमेरिकन कापसाच्या धाग्याचा गुण सर्वस्वी पहिल्या पूर्वजाच्या जनुकांतून आला असणार, असे कोणालाही वाटेल. पण अँड्र्यू पॅटरसन यांच्या गटाने १९९८ मध्ये धाग्याच्या गुणांवर प्रभाव टाकणाऱ्या जागा गुणसूत्रांवर शोधल्या, तेव्हा त्यातील बऱ्याच जागा बिनधाग्याच्या पूर्वजाकडून आलेल्या अर्ध्या संचात सापडल्या. म्हणजे दोन संच एकत्र आल्यावर, जो संच धाग्याच्या कामात कधी नव्हताच, त्यातील जनुकांतही निवडीला वाव मिळाला. दोन प्रती असण्याने काय साधते, हे याहून स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेले नाही.

शेतकरी नेहमी विचारतात, की गावरानीचा काटकपणा आणि अमेरिकनचा धागा एका झाडात का आणत नाही? अडचण गुणसूत्रांचीच आहे. गावरानीच्या परागात १३ आणि अमेरिकनच्या बीजांडात २६, मिळून संकरात ३९ गुणसूत्रे येतात. त्यातील अमेरिकेकडच्या संचाच्या १३ गुणसूत्रांना जोडीदारच मिळत नाही, म्हणून झाड वांझ निघते. कोल्चिसिनने दुप्पट करून, मग पुन्हा पुन्हा अमेरिकनशी संकर करून हा अडथळा ओलांडता येतो, पण ते वर्षानुवर्षांचे काम आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. जास्त प्रती म्हणजे जास्त चांगले झाड, असा अर्थ कृपया काढू नये. पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी सोसण्यात अर्ध्या गुणसूत्रांचा गावरानी कापूसच सरस ठरतो. आपल्या भागातील सोयाबीनच्या पूर्वजांतही सुमारे ५ कोटी ९० लाख आणि १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी असे दोनदा दुपटीकरण झाले असून २०१० च्या जनुकसंच वाचनात तिची तीन चतुर्थांश जनुके एकाहून अधिक प्रतींत आढळली. तरी म्हणून ती पावसाच्या खंडात तुरीपेक्षा तग धरते, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

गोंडराजा, किनवट

मी ग्रामीण रुग्णालयात काम करणारा डॉक्टर आहे. मांजराकाठ सरांनी हिमोग्लोबिनचा उल्लेख आमच्यासाठीच राखून ठेवला असावा, म्हणून लिहितो.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. अल्फाची जनुके सोळाव्या गुणसूत्रावर आणि बीटाची अकराव्यावर आहेत, तरी त्यांची रचना इतकी सारखी आहे, की दोन्ही एकाच मूळ जनुकाच्या प्रती असल्याबद्दल शंका उरत नाही. ती फारकत साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वीची मानली जाते. अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या भावंडांची रांगच आहे: एप्सिलॉन, दोन गॅमा, एक निकामी प्रत, डेल्टा आणि शेवटी बीटा. त्यांचा क्रमही आयुष्यात ती ज्या क्रमाने चालू होतात तसाच आहे. भ्रूणात एप्सिलॉन, गर्भात गॅमा, जन्मानंतर बीटा.

गॅमाचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायचा असतो. बीपीजी नावाचा लहान रेणू हिमोग्लोबिनला चिकटला की त्याची प्राणवायूवरील पकड सैल होते. बीटा साखळीत १४३ व्या जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा) असल्याने बीपीजी तिला घट्ट चिकटतो. गॅमात त्या जागी सेरीन आहे, म्हणून बीपीजीची पकड ढिली आणि प्राणवायूची पकड पक्की. बहुतेक सस्तन प्राण्यांत गॅमा जनुक केवळ भ्रूणात चालते. वानरकुळात त्याच्या दोन प्रती झाल्या आणि त्या गर्भावस्थेसाठी राबू लागल्या. हाताशी असलेली जादा प्रत वेगळ्या वेळी चालू होऊ लागणे, हेही अनुकूलनच आहे.

किनवटच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आम्ही पाहतो. तो दोष बीटा जनुकात आहे. गॅमा जनुके मात्र त्या रुग्णांतही शाबूत असतात, केवळ बंद झालेली असतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भातील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, म्हणून वेदनेचे झटके कमी होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेल्या जनुकसंपादन उपचारात रक्तपेशींच्या मूळ पेशींमधील बीसीएल ११ ए हा गॅमाला दाबून ठेवणारा घटक क्षीण केला जातो आणि गॅमा पुन्हा चालू होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी झालेली प्रत आज बिघडलेल्या भावंडाची जागा घेते आहे, आणि रुग्णांच्या पालकांना हे समजावून सांगताना मला प्रत्येक वेळी विलक्षण आशा वाटते. तो उपचार अत्यंत महाग असून आमच्या रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा आहे, ही मात्र मोठी खंत आहे.

फळमाशीत स्टर्टेव्हंट यांनी पाहिलेली चुकीची अदलाबदल माणसातही घडते, आणि आमच्या तपासणी अहवालांत दिसते. प्रत्येक सोळाव्या गुणसूत्रावर अल्फाची दोन जवळजवळ सारखी जनुके शेजारी शेजारी असतात. ती एकमेकांशी चुकीची जुळली, की एका गुणसूत्रातून डीएनएच्या ३,७०० अक्षरांचा तुकडा गळून एकच अल्फा उरते आणि दुसऱ्यावर तीन होतात. एक अल्फा उरलेला प्रकार भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळतो. मलेरियाच्या प्रदेशात तो टिकून राहिला, कारण त्याने गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळते. म्हणजे येथे प्रत वाढण्यापेक्षा गळणे फायद्याचे ठरले.

बालाघाट, बीड

मी निवृत्त अभियंता आहे. जीवशास्त्र माझा विषय नाही, परंतु दोन शंका प्रामाणिकपणे मांडतो. पहिली अशी, की नक्कल केल्याने मजकूर वाढतो, नवा मजकूर तयार होत नाही. आपण सर्वांनी दिलेल्या उदाहरणांत हिमोग्लोबिनचे हिमोग्लोबिनच राहिले आणि कापसाचा कापूसच राहिला. दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते. जादा प्रत निवडीच्या नजरेतून सुटलेली असेल, तर तिला जपणारेही कोणी नाही. सरांनीच लिहिले आहे, की बहुतेक प्रती निकामी होतात. मग उपयोगी बदल येईपर्यंत ती प्रत टिकणार कशाच्या बळावर?

मांजराकाठ, लातूर

बालाघाट साहेब, आपली दुसरी शंका या विषयातील संशोधकांनाही छळत होती. बर्गथॉरसन, अँडरसन आणि रॉथ यांनी २००७ मध्ये तिला 'ओह्नो यांची कोंडी' असेच नाव दिले आणि त्यातून सुटण्याची वाटही सुचवली.

अनेक विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, आपल्या मुख्य कामाबरोबर एखादे दुसरे काम अगदी क्षीणपणे करत असतात. परिस्थिती बदलून ते दुय्यम काम अचानक गरजेचे झाले, तर ते अधिक प्रमाणात व्हावे म्हणून त्याच जनुकाच्या जास्त प्रती असलेला जीव लगेच फायद्यात येतो. म्हणजे प्रती पहिल्या दिवसापासून निवडीच्या आधाराने टिकतात, बेवारस पडून राहत नाहीत. प्रती जितक्या जास्त, तितक्या बदलाला जागा जास्त. आणि एखाद्या प्रतीत ते दुय्यम काम सुधारले, की बाकीच्या प्रतींचे ओझे निवड कमी करते.

हे प्रत्यक्ष प्रयोगात दाखवले गेले आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साल्मोनेला जिवाणूच्या अशा वाणापासून सुरुवात केली, ज्यात हिस्टिडीन बनवणाऱ्या साखळीतील एक विकर ट्रिप्टोफॅन हे दुसरे अमिनो आम्ल बनवण्याचे कामही थोडेसे करत होता, पण दोन्ही कामे कसाबसा. ट्रिप्टोफॅनसाठीचे खरे जनुक त्या वाणातून काढून टाकले होते. दोन्हींपैकी काहीही नसलेल्या माध्यमात तो वाढवला, तेव्हा त्या जनुकाच्या प्रती वाढल्या, आणि ३,००० पिढ्यांच्या आत काही वंशांत एक प्रत हिस्टिडीनच्या कामात तरबेज झाली तर दुसरी ट्रिप्टोफॅनच्या. एका जनुकाची दोन निराळी जनुके झालेली प्रयोगशाळेत पाहायला मिळाली.

रिचर्ड लेन्स्की यांचा १९८८ पासून चालू असलेला प्रयोगही येथे सांगायला हवा. त्यांच्या बारा वसाहतींपैकी एकीतील ई. कोलाय जिवाणू सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर हवेच्या सान्निध्यात सिट्रेट खाऊ लागले, जे ही प्रजाती एरवी करत नाही. सिट्रेट आत घेणारे जनुक तिच्याकडे होतेच, पण प्राणवायू असताना ते बंद राहते. सुमारे ३,००० अक्षरांचा एक तुकडा दोनदा झाला आणि त्या जनुकाची नवी प्रत अशा नियंत्रक भागाच्या मागे जाऊन बसली, जो प्राणवायू असतानाही चालू असतो. येथे जनुकाचा मजकूर बदलला नाही, जागा बदलली, आणि तेवढ्याने नवी क्षमता आली.

आपल्या पहिल्या शंकेला माझे उत्तर अंटार्क्टिकातील मासे आहे. तेथील समुद्राचे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि सामान्य माशाचे रक्त त्याआधीच गोठते. नोटोथेनिऑइड कुळातील माशांच्या रक्तात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ रोखणारे एक प्रथिन असते. चेन, डिव्हराइस आणि चेंग यांनी १९९७ मध्ये दाखवले, की ते स्वादुपिंडातील ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकातून घडले. त्या जनुकाचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग राहिला, मधला बहुतांश गळाला, आणि सांध्यावरचा नऊ अक्षरांचा एक लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा नकलून लांब साखळी तयार झाली. ट्रिप्सिनोजेन प्रथिने पचवण्यासाठी आहे, तर ही साखळी बर्फ अडवते. प्रत झाली, मग काट झाली, मग तुकड्याच्या प्रती झाल्या, आणि जे हाती आले ते कोणत्याही अर्थाने जुने राहिले नाही. आपण ज्याला नवा मजकूर म्हणता, तो असाच लिहिला जातो.

दुधनाकाठ, सेलू

मी कापूस आणि तूर करतो. सरकी ताईंना माझा थेट प्रश्न आहे. फवारणी करून करून औषध लागू पडेनासे होते, हे आम्ही मावा, तुडतुडे आणि शेंदरी बोंडअळी या सगळ्यांत पाहिले. गावोगाव चोरबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारा बेकायदा बीटी कापूस, लावून तणनाशक मारणे चालू आहे. तेही काही वर्षांनी लागू पडणार नाही, असे कृषी सहायक सांगतात. यात या जनुकांच्या प्रतींचा काही संबंध आहे का? आणि औषध काही वर्षे बंद ठेवले तर त्या प्रती कमी होऊन कीड पुन्हा पूर्वीसारखी होते का?

सरकी, नांदेड

दादा, प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर किडीकिडीप्रमाणे वेगळे आहे.

शेंदरी बोंडअळीचा संबंध येथे नाही. बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटूनच आपले काम करते. भारतातील प्रतिकारक अळ्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच कॅडेरिनचे जनुक नाना तऱ्हांनी मोडलेले आढळले. चिकटायला जागाच उरली नाही, म्हणून अळी वाचते. तेथे काही वाढलेले नाही, बिघडलेले आहे.

मावा मात्र याच विषयात बसतो. आपल्या कापसावरचा मावा वेगळ्या प्रजातीचा आहे. पण बटाटा, भाजीपाल्यावरच्या मायझस पर्सिकी या माव्यावर इंग्लंडमध्ये झालेले काम फार मोलाचे आहे. १९७९ मध्ये डेव्हनशायर आणि साविकी यांनी त्याच्या प्रतिकारक वाणांची क्रमवारी लावली, तेव्हा औषध नष्ट करणाऱ्या एका विकराचे प्रमाण पायरीपायरीने दुप्पट, चौपट, आठपट असे चढत गेलेले दिसले, आणि त्यावरून त्यांनी जनुकाच्या प्रती वाढल्याचा अंदाज बांधला. पुढे तो खरा ठरला; सर्वांत प्रतिकारक वाणांत त्या जनुकाच्या कित्येक डझन प्रती निघाल्या. हा विकर ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे तोडतो आणि त्याहून जास्त ती स्वतःला चिकटवून अडकवून ठेवतो, म्हणून त्याचे नुसते प्रमाण वाढणेच कामी येते. जनुकाचा मजकूर सुधारावा लागला नाही.

तणांचे उदाहरण अमेरिकेतील आहे. आपल्या माठाचा जवळचा भाऊबंद असलेल्या पामर अमरँथ या तणावर जॉर्जिया राज्यातील कापसात ग्लायफोसेट हे तणनाशक चालेनासे झाले. ग्लायफोसेट ज्या विकराला अडवते, त्याचे जनुक २०१० च्या अभ्यासात प्रतिकारक झाडांत किमान ५ पट आणि काही झाडांत १६० पटींहून अधिक वाढलेले आढळले. फवारलेले औषध जेवढा विकर अडवते, त्याहून कितीतरी जास्त विकर झाडात तयार होतो. पुढे २०१८ मध्ये असेही दिसले, की या प्रती गुणसूत्राच्या बाहेर, स्वतंत्र वर्तुळाकार डीएनएवर असतात. आपल्याकडे सरसकट ग्लायफोसेट मारले गेले तर आपले तण हीच वाट धरेल किंवा दुसरी, हे आधी ठरवता येणार नाही. पण या वाटेसाठी लागणारा कच्चा माल प्रत्येक तणात आहे.

आता बंद ठेवण्याबद्दल. माव्यात त्या प्रती बाळगण्याची किंमत मोजावी लागते. इंग्लंडच्या कडक हिवाळ्यात जास्त प्रतींचे मावे इतरांपेक्षा अधिक मरतात, असे आढळले. शिवाय औषधाचा दाब गेल्यावर काही वाणांनी प्रती न गमावताच ती जनुके बंद केली. अशा माव्यावर औषध पुन्हा चालते, पण प्रती आत शिल्लक असतात, आणि फवारणी पुन्हा सुरू झाली की त्यांतून जनुके चालू असलेले मावे पुन्हा वर येतात. पामर अमरँथमध्ये मात्र २०१४ च्या अभ्यासात इतक्या प्रती बाळगूनही झाडाच्या वाढीत किंवा बियांत तोटा दिसला नाही. त्यामुळे माव्याच्या बाबतीत औषधांचा गट बदलत राहून, मधे खंड देऊन काही वर्षे मिळवता येतात. अशा तणाच्या बाबतीत नुसते तणनाशक थांबवून ते पूर्वीसारखे होईल, या भरवशावर राहू नये. फवारणीनंतर जे माठ हिरवेच राहिले, ते फुलावर येण्याआधी उपटून बांधाबाहेर काढावे, कारण एकेका झाडाचे बी लाखांत असते.